सूर्यास्तापूर्वीचे क्योतो

नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात क्योतो शहरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. बहुतेक प्रवाशांना त्याचे सोयरसुतक नसते. मंदिरे लवकर बंद होतात म्हणून ते पावले थोडी भरभर उचलतात, इतकेच. सांगलीहून आलेल्या एका कुटुंबाचा दिवस मात्र या एका वेळेभोवती आखला गेला होता.

कुटुंब तिघांचे. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना गावात आणि घरातही सारे अण्णा म्हणतात. त्यांच्या पत्नी, गल्लीच्या काकी. आणि दोन वर्षांपासून ओसाका येथे नोकरीस असलेला त्यांचा मुलगा. काकींचा रात्रिभोजनत्याग तीस वर्षांचा आणि कंदमुळांचा त्याग त्याहून जुना. हे नियम त्यांनी कधी कोणावर लादले नाहीत आणि स्वतःपुरते कधी सैलही केले नाहीत. निघण्यापूर्वी मुलाने दूरध्वनीवर "प्रवासात थोडं इकडं तिकडं चालतं, आई" असे म्हणून पाहिले होते. त्यावर काकींनी होय किंवा नाही काहीच न म्हणता दशम्या, चटणी आणि भाजलेल्या पिठाचे डबे भरायला घेतले होते.

अडचण ओसाकात तिसऱ्या दिवशी उभी राहिली. मुलगा त्यांना एका लहानशा दुकानात उदोन खायला घेऊन गेला. उदोन म्हणजे गरम, पातळ कढणात वाढलेल्या गव्हाच्या जाड शेवया. यात मांस नाही ना, असे त्याने आधी विचारून घेतले होते आणि नाही असे उत्तरही मिळाले होते. काकींचा अर्धा वाडगा संपला, तेव्हा भिंतीवरील फलक वाचता वाचता मुलाचा चेहरा उतरला. कढण माशाचे होते.

दुकानदार खोटे बोलला नव्हता, हे समजून घेण्यासारखे आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचे कढण हा आहे. कोम्बू ही समुद्रवनस्पती आणि बोनितो माशाचे वाळवून, धुरावून केलेले कागदासारखे पातळ काप यांपासून ते बहुधा तयार होते. ते सूपात असते, भाजीत असते, शेवयांत असते आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. तेथील व्यवहारात 'मांस' या शब्दात मासा येत नाही, आणि यामागे मोठा इतिहास आहे. सम्राट तेम्मू यांनी ६७५ साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरवले. मासा त्या यादीत नव्हता. पुढे बौद्ध प्रभावाने मांसाहाराविषयीचा संकोच शतकानुशतके टिकला आणि १८७२ साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो उघडपणे मोडला. या साऱ्या काळात मासा मात्र मांसाच्या बाहेरच राहिला. 'मांस नाही' असे सांगणारा जपानी माणूस त्याच्या भाषेत अगदी खरे बोलत असतो.

ही कारणे मुलाला नंतर वाचून कळली. त्या दिवशी काकी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला आणि त्यानंतर एवढेच म्हणाल्या, "माझं मी बघते रे. तू नको त्रास करून घेऊ." शब्द मऊ होते. त्यांचा अर्थ मुलाला कळायचा तो कळला. पुढचे चार दिवस काकी डब्यांवर आणि फळांवर राहिल्या, आणि डबे तळाला गेले.

क्योतोच्या दिवशी सकाळी मुलाने सांगितले, "दुपारचं जेवण मी ठरवून ठेवलंय." काकींनी मान हलवली आणि उरलेल्या चार दशम्या फडक्यात बांधून पिशवीत ठेवल्या. त्याने ते पाहिले. अण्णांनी दोघांकडे पाहिले आणि घड्याळाला किल्ली दिली.

ओसाकाहून क्योतोला जलद गाडीने सुमारे अर्धा तास लागतो. फलाटावर गाडीचा दरवाजा नेमका कोठे येणार याच्या खुणा रंगवलेल्या असतात आणि लोक त्या खुणांमागे रांगेत उभे राहतात. गाडीही तेथेच थांबते. सरकत्या जिन्यावर ओसाकाकर उजवीकडे उभे राहतात आणि घाईतल्यांसाठी डावी बाजू मोकळी सोडतात. तोक्योत नेमके याच्या उलट. क्योतोच्या स्थानकात दोन्हीकडचे प्रवासी एकत्र येतात, तेव्हा पुढचा माणूस जिकडे उभा असेल तिकडे मागचे उभे राहतात. शिस्तीच्या या देशात ही एक गोष्ट अशी सैल राहिलेली पाहून अण्णांना बरे वाटले. डब्यात कोणी दूरध्वनीवर बोलत नव्हते. अण्णांना सांगलीहून शेजाऱ्यांचा फोन आला, तो त्यांनी घेतला, आणि 'हॅलो' म्हणताच सारा डबा आपले बोलणे ऐकतो आहे हे जाणवून बंद केला. कोणी वळूनसुद्धा पाहिले नव्हते.

क्योतोहून दुसरेच स्थानक इनारी. बाहेर पडताच समोर फुशिमी इनारी या शिंतो देवस्थानाचे मोठे लाल द्वार. ही देवता भातशेतीची आणि व्यापाराची. तिचा दूत कोल्हा, म्हणून जागोजागी दगडी कोल्हे. एकाच्या तोंडात किल्ली, तर दुसऱ्याच्या तोंडात भाताची लोंबी. मुख्य दरवाजा १५८९ सालचा. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने आईच्या दुखण्यातून ती बरी व्हावी म्हणून बोललेल्या नवसाशी या दरवाजाची कथा जोडली जाते. मुलाने हे वाचून दाखवले, तेव्हा काकी दरवाजाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या.

आत जाण्यापूर्वी हात धुण्याची रीत आहे. लाकडी पळीत पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. शेवटी पळी उभी धरून उरलेले पाणी तिच्या दांड्यावरून ओघळू द्यायचे, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती ती स्वच्छ जाते. वाटीला तोंड न लावता वरून पाणी पिण्याची सवय असलेल्या काकींना यात शिकण्यासारखे काही नव्हते. दांडा धुण्याची ती शेवटची क्रिया मात्र त्यांनी दोनदा केली.

दानपेटीत लोक बहुधा पाच येनचे नाणे टाकतात. जपानीत 'गोएन' या एकाच उच्चाराचा अर्थ 'पाच येन' असाही होतो आणि 'ऋणानुबंध' असाही. पिवळ्या रंगाचे, मध्ये भोक असलेले हे नाणे. त्यावर भाताची लोंबी कोरलेली असते आणि किंमत केवळ जपानी लिपीत असते. बाकी साऱ्या नाण्यांवर आकडा आहे, म्हणून परदेशी माणूस नेमका याच नाण्याशी अडतो. पैशाच्या देवघेवीतील दुसरी रीतही अण्णांच्या ध्यानात बसली होती. दुकानात पैसे हातात द्यायचे नाहीत. समोर लहानशी तबकडी असते, तिच्यात ठेवायचे. दुकानदार आपल्यादेखत नोटा मोजतो, मग नाणी पावतीसह परत करतो. वर बक्षिशी ठेवण्याची चाल नाही. ठेवलीच, तर विसरलेले पैसे परत करायला माणूस मागे धावत येतो. रोख रक्कम दोघांच्या नजरेसमोर, कोणाच्याच मुठीत नाही, अशी क्षणभर उघडी राहते. आपल्याकडील किती वाद या एका तबकडीने मिटतील!

देवस्थानामागे डोंगर आहे आणि त्यावर चढणारी वाट हजारो केशरी-लाल कमानींनी झाकली आहे. त्यांना तोरी म्हणतात. आपल्या 'तोरण' शब्दाशी तिचे नाते असावे असे काहींनी सुचवले आहे. चढताना कमानी कोऱ्या दिसतात. उतरू लागले की प्रत्येक खांबावर काळी अक्षरे दिसतात: एका बाजूस देणाऱ्याचे किंवा त्याच्या दुकानाचे नाव, दुसऱ्या बाजूस दिनांक. देवाकडे जाताना नाव दिसत नाही, परतताना दिसते. आपल्या मंदिरांतील पायरीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत कोरलेली दात्यांची नावे आठवून अण्णा हसले. कमानी बहुतेक लाकडी. काही वर्षांत खांब तळाशी कुजतात, कमान उतरवली जाते आणि रिकाम्या जागी नव्या दात्याची कमान उभी राहते. नाव कायमचे राहण्याची हमी येथे कोणी देत नाही.

येथून पुन्हा गाडीने, आणि मग भुयारी रेल्वेने केआगे. रस्त्याकडेला विटांचा एक लहान बोगदा आहे. त्यातील विटा सरळ न रचता पिळल्यासारख्या वळवून बसवल्या आहेत. तो बिवा सरोवरापासून आणलेल्या कालव्याच्या कामाचा भाग. १८६९ साली राजधानी तोक्योला गेली आणि हजार वर्षांचे क्योतो ओस पडू लागले. तेव्हा शहराला पुन्हा उभे करण्यासाठी हा कालवा खणला गेला आणि तो १८९० साली पूर्ण झाला. त्याची आखणी केली तानाबे साकुरो या तरुण अभियंत्याने, आणि त्याचा पदवीचा प्रबंधच या कालव्यावर होता. पुढच्याच वर्षी या पाण्यावर वीज निघू लागली आणि १८९५ मध्ये तिच्यावर देशातील पहिली विजेची ट्राम धावली. नान्झेन्जी मंदिराच्या आवारातून हे पाणी विटांच्या कमानींच्या उंच पुलावरून जाते. झेन मंदिराच्या गंभीर काळ्या लाकडाशेजारी हा रोमन धाटणीचा पूल विसंगत दिसायला हवा, तो दिसत नाही. मॅपलची लाल पाने दोहोंवर सारखीच पडत होती.

साडेअकरा वाजता तिघे मंदिराजवळच्या एका जुन्या भोजनगृहात पोहोचले. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा, ही रीत तर घरचीच. जोडे काढून आत शिरल्यावर एका बाईंनी ते उचलून, तोंडे बाहेरच्या दिशेने करून ठेवले, म्हणजे परतताना पाय सरळ घालता यावेत. चटयांवर अनवाणी, ओसरीवर सपाता, आणि शौचालयात आणखी वेगळ्या सपाता, अशी तेथील विभागणी आहे. अण्णा या शेवटच्या सपातांसह चटईपर्यंत परत आले, तेव्हा बाईंनी तोंडावर हात धरून हसू आवरले आणि अण्णा सांगलीच्या शाळेत कधी लाजले नसतील इतके लाजले.

येथे मिळते ते 'शोजिन र्‍योरी', म्हणजे बौद्ध मठांतील शाकाहारी जेवण. मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसणाच्या वर्गातील उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. झेन गुरू दोगेन यांनी १२३७ साली मठातील स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तरीही जैन पानाला हे जेवण जसेच्या तसे चालत नाही. कढण माशाचे नसले तरी कोम्बू आणि अळंबी यांचे असते. शिवाय मुळा, कमळाचे कंद, रताळे, गोबो नावाचे लांब मूळ हे तर शोजिनचे मानकरी पदार्थ.

म्हणून मुलाने सहा दिवसांपूर्वी, उदोनच्या दुसऱ्याच दिवशी, येथे दूरध्वनी करून यादी सांगितली होती. स्वयंपाक्याने ती लिहून घेतली आणि दोन दिवसांनी उलट विचारणा केली: जमिनीखालचे नको म्हणजे नेमके काय, मूळ आणि कंद, की जमिनीत पिकणारे सारेच? भुईमूग चालेल का? मुलाने आईला काही न सांगता सहज विचारावे तसे विचारून घेतले होते. शेंगदाणा चालतो, हे आपल्याला ठाऊक असलेले उत्तर परक्या माणसाला समजावताना किती अवघड जाते, याचा त्याला त्या दिवशी प्रत्यय आला.

आता तो आईला हे सारे सांगू लागला. काकींनी ऐकून घेतले. हात पिशवीपाशी होता.

वाढणे सुरू झाले. गरम ओला रुमाल, मग मातीच्या भांड्यात साध्या पाण्यात उकळते तोफू. तोंडी लावायला आले आणि हिरवी पात असते, त्याऐवजी मीठ आणि युझू या लिंबाची किसलेली साल. भाजलेल्या भोपळ्याची फोड, तिळाचे कूट लावलेला पालक, चेस्टनट घालून शिजवलेला भात, आणि सोयाबीनच्या दुधावरची साय काढून तिची केलेली गुंडाळी. एक खण रिकामा होता. बाईंनी गुडघे टेकून मुलाला त्याविषयी काही सांगितले. शोजिनच्या पानात तिळाचे 'गोमा-दोफू' असतेच. पण ते ज्या पिठाने घट्ट होते ते 'कुझु' एका वेलीच्या मुळापासून निघते. तुमच्या यादीत मुळे नकोत असे होते, म्हणून ते केले नाही. जागा रिकामी ठेवल्याबद्दल क्षमा असावी.

कुझु मुळापासून होते हे मुलाला ठाऊक नव्हते. ते यादीत नव्हतेच. त्याने आईला हे भाषांतर करून सांगितले आणि थांबला.

काकींनी त्या रिकाम्या खणाकडे पाहिले. मग पिशवी बाजूला सरकवली, हात जोडून मनातल्या मनात नमोकार म्हटला आणि तोफूचा पहिला तुकडा मिठाला लावून खाल्ला. "अळणी पनीरासारखं आहे," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "भात छान शिजलाय. तुला येतो का रे असा?" जपानला आल्यापासून त्यांनी मुलाशी जेवताना बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

जेवण संपता संपता काकींनी सवयीप्रमाणे भाताच्या वाडग्यात गरम चहा ओतला, बोटाने कडा निपटून तो फिरवला आणि पिऊन टाकला. ताट धुऊन ते पाणी पिण्याची चाल अनेक जैन घरांत आहे. उष्ट्या अन्नात जीवोत्पत्ती होऊ नये हा तिचा हेतू. परक्या देशात हे कसे दिसेल म्हणून मुलगा क्षणभर अवघडला. पण शेजारच्या बैठकीवर एक वृद्ध जपानी गृहस्थ तेच करत होते: वाडग्यात चहा, लोणच्याच्या फोडीने कडा पुसायच्या, फोड खायची आणि चहा प्यायचा. झेन मठांत जेवणानंतर पात्रे अशीच धुतली जातात. तेथे हेतू आहे अन्नाचा कणही वाया न जाण्याचा. कारणे निराळी, वाडगे सारखेच स्वच्छ. गृहस्थांनी काकींच्या वाडग्याकडे पाहून मान किंचित झुकवली. काकींनी पदर सावरून नमस्कार केला.

निघताना मुलाने ती यादी मागून घेतली. स्वयंपाक्याच्या हस्ताक्षरातील, दोन ठिकाणी खोडून दुरुस्त केलेली. ती काकींच्या जपमाळेच्या पिशवीत गेली.

दुपार निशिकी बाजारात गेली. सुमारे चारशे मीटर लांबीची ही छत घातलेली गल्ली. दोन्ही बाजूंस लोणची, चहा, सुऱ्या, वाळवलेले मासे. माशांपुढून काकी नाकाला पदर न लावता, पण भराभर चालल्या. एका फळवाल्यापुढे केशरी फळांची रास होती आणि फलकाकडे बोट दाखवत तो "काकी, काकी" म्हणत होता. त्या दचकून थांबल्या. पर्सिमन या फळाला जपानीत 'काकी' म्हणतात, हे कळल्यावर तिघेही हसू लागले आणि कारण न कळता फळवालाही हसला. तुरट जातीची काकी सोलून, दोरीला टांगून वाळवतात. गोड जातीची तशीच खाता येते. गोड तीन घेतली. पैसे तबकडीत ठेवले.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. चालता चालता खाण्याची या बाजारात रीत नाही. तसे करू नये असे फलकच आहेत. विकत घेतलेले दुकानापाशी उभे राहून खावे, नाहीतर घरी न्यावे. काकींना तर फळ चिरून, निरखून मगच खायचे असते. बाजार संपतो तेथून कामो नदी दहा मिनिटांच्या वाटेवर. अण्णा पुढे, घड्याळ पाहत, मुलगा मागे, आईचा हात धरून, आणि काकी मात्र म्हणत होत्या, "अहो, हळू. नाही झालं तर पाणी पिऊन राहीन. दुपारी पोटभर झालंय."

शिजो पुलापासून सांजो पुलापर्यंत नदीकाठी तरुण जोडपी बसलेली असतात, आणि दोन जोडप्यांमध्ये जणू मोजपट्टीने आखावे तसे सारखे अंतर असते. कोणी सांगत नाही. नवे जोडपे आले की दोघांच्या बरोबर मध्ये बसते. अशाच एका मोकळ्या अंतरात हे तिघे बसले. काकींनी लहान सुरीने फळे चिरली, फोडी उजेडाकडे धरून पाहिल्या आणि आधी अण्णांना, मग मुलाला दिल्या. चार वाजून छत्तीस मिनिटे. पश्चिमेकडील घरांच्या छपरांवर ऊन होते. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या, तिसरी उचलली, छपरांकडे पाहिले आणि ती मुलाच्या हातावर ठेवली.

साली आणि बिया टाकायला कचरापेटी कोठेच नव्हती. जपानी रस्त्यांवर ती सहसा नसते. ज्याचा कचरा त्याने घरी न्यायचा. दशम्यांचे फडके तसेच बांधलेले होते. काकींनी ते सोडले, दशम्या डब्यात ठेवल्या आणि साली फडक्यात बांधल्या. त्या परत ओसाकाला आल्या. मुलाच्या वस्तीत जळणारा कचरा न्यायला गाडी शुक्रवारी येते, आणि तो दिवस मंगळवारचा होता. तीन दिवस साली स्वयंपाकघरात राहिल्या. बिया काकींनी धुऊन खिडकीत वाळत घातल्या होत्या. अण्णांनी त्या सांगलीच्या मातीत रुजतील का, असे विचारले, तेव्हा मुलगा ओट्यापाशी चेस्टनटचा भात शिजवत होता आणि काकी त्याला पाणी किती घालायचे ते सांगत होत्या. खिडकीबाहेर अजून ऊन होते.